घराकडचा बाण

केरबा चौगले आता वाचत नाहीत, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. डॉक्टरांचं नव्हतं, मुलीचं नव्हतं आणि खुद्द केरबांचंही नव्हतं. प्रश्न एवढाच उरला होता की मरायचं कुठं.

"हितं नको," केरबा म्हणाले. "हितं नुसतं छत दिसतंय. सोप्यात घोंगडं टाका, दार उघडं ठेवा, समोर म्हशी दिसूद्यात. मग जातो निवांत."

मागणी काही मोठी नव्हती. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं अशीच गेली. दवाखान्यानं हात टेकले की म्हाताऱ्याला गाडीत घालायचं, घरी आणायचं, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान ठेवायचं, भोवती आपली चार माणसं बसायची. कोल्हापुरातून सावरधोंडला जायचं म्हणजे गारगोटी ओलांडायची, मग वेदगंगेवरचा पूल ओलांडायचा, की गाव. रस्ता आता इतका गुळगुळीत झाला होता की तांब्यातलं पाणी हिंदकळलं नसतं. तरीही हे जमणार नाही, हे सगळ्यात आधी स्नेहलला कळलं. स्नेहल ही केरबांची एकुलती एक मुलगी, आणि पुण्यात राज्याच्या वाहतूक आराखडा कक्षात अभियंता.

आता हा आराखडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण रोज त्याच्या जिवावर ये-जा करणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. पूर्वी प्रत्येक शहर आपापले हुशार सिग्नल आपापल्या कंत्राटदाराकडून घ्यायचं. त्या सिग्नलांना आपल्या गावच्या रुग्णवाहिका तेवढ्या ओळखू यायच्या. सांगलीची गाडी कोल्हापूरच्या हद्दीत शिरली की ती कुणीच नाही! आत माणूस तडफडतोय आणि चौकात लाल दिवा. अशी माणसं हद्दीहद्दीवर गेली. मग सगळ्यांनी मिळून एक समान आराखडा केला. हे काही यंत्र नाही, हा एक करार आहे. रस्त्यावर कोणकोणते घटक असतात, म्हणजे गाडी, सिग्नल, पूल, रुग्णालय, घर, आणि कोण कुणाला काय सांगू शकतो, हे सगळं एका मोठ्या चित्रात मांडलेलं. घटक म्हणजे चौकोन, आणि चौकोनाकडून चौकोनाकडे जाणारे बाण. गाडी कुठल्याही कंपनीची असो, सिग्नल कुठल्याही शहराचा असो, बाण तेच. जिथे बाण आहे तिथे रस्ता आपोआप मोकळा होतो. जिथे बाण नाही, तिथे ती गोष्ट घडतच नाही.

आणि घरापासून रुग्णालयाकडे जाणारा बाण इतका जाडजूड होता, की पाच वर्षांपूर्वी केरबांना पहिला झटका आला तेव्हा गाडी सावरधोंडहून कोल्हापूरला एकदाही ब्रेक न दाबता पोचली होती. वाटेतल्या प्रत्येक गाडीनं आपणहून कडेला अंग चोरलं. केरबा वाचले ते त्या बाणामुळे. स्नेहलनं कक्षात पेढे वाटले होते.

बरा झालेला रुग्ण घरी जातो, त्याचाही बाण होता. मेलेला माणूस घरी जातो, त्याचाही होता. पण मरायला टेकलेला माणूस रुग्णालयाकडून घराकडे जातो, असा बाण त्या चित्रात नव्हता. चित्र काढणारी माणसं मोठी विद्वान, देशोदेशीचे आराखडे पालथे घातलेली. कुणाला असं काही करावंसं वाटेल, हे त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

डॉ. तहसीन मुजावर केरबांवर उपचार करत होत्या. स्नेहल त्यांच्या खोलीत गेली आणि खुर्चीत न बसताच म्हणाली, "मॅडम, आबांना घरी न्यायचंय."

"न्या की. मी कुठं अडवतेय?" मुजावर म्हणाल्या. "त्यांच्या हृदयात आता काही राहिलेलं नाही. दोन दिवस, चार दिवस. पण तुम्हाला मी काय सांगू? अडवणार ती गाडी, आणि गाडी चालते तुमच्या आराखड्यावर."

"स्वतःच्या गाडीनं नेलं तर?"

"तुमच्या गाडीची सीट ठोके मोजत नाही?"

मोजत होती. गाडी चालवता चालवता माणसं गचकायला लागली, तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या प्रत्येक सीटला नाडी बघायला लावलं होतं. नाडी घसरली की गाडी जवळच्या रुग्णालयाकडे वळायची, मग ती रुग्णवाहिका असो की भाजीचा टेम्पो. हातानं चालवायच्या जुन्या गाड्या राज्यरस्त्यावर यायच्या बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि रुग्ण मध्येच उतरवता येत नसे. कारण काही नगांनी आपल्या म्हाताऱ्यांना रस्त्याकडेला उतरवून पळ काढला होता. तेव्हा दार उघडायचं ते रुग्णालयात, नाहीतर थेट घरी.

प्रत्येक नियमाला असं एक चांगलं कारण होतं. स्नेहलला ती सगळी पाठ होती, कारण नव्या लोकांना ती तीच शिकवायची.

तिनं साहेबांना फोन लावला. बर्वे साहेब भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, एकच गाडी. एकच फेरी. हातानं मार्ग देता येत नाही का?"

"हाताचं बटण आपणच काढलं ना, स्नेहल."

तेही खरं. पूर्वी नियंत्रण कक्षातल्या माणसाला एखाद्या गाडीला खास वाट देता यायची. मग एका पुढाऱ्याच्या मेहुण्याची वरात सगळे सिग्नल हिरवे करत शहरभर फिरली, आणि त्याच वेळी एक बाळंतीण चौकात अडकून दगावली. लोक खवळले. बटण काढून टाकलं. त्या दिवशी आपल्या लोकांनी फटाके वाजवले होते.

"मग कोल्हापूरपुरता बाण टाकू या. जिल्ह्यापुरता."

"एका जिल्ह्यानं वेगळा बाण टाकला की त्याचं प्रमाणपत्र जातं. बाकीचे त्याचं ऐकणं बंद करतात. पुन्हा हद्दीहद्दीवर माणसं मरायला लागतील. हे तू मला सांगायचंस की मी तुला?" साहेबांचा आवाज खाली आला. "आणि समज, टाकला बाण. उद्या ज्याला आई जड झाली तो म्हणेल, तिची इच्छा होती घरी जायची. गाडी कसं ओळखणार?"

"गाडीला नाही ओळखता येणार. पण डॉक्टरांना येईल, मला येईल."

"माझे वडील अतिदक्षता विभागात गेले, स्नेहल. काचेच्या पलीकडे. मीही तेव्हा याच खुर्चीत होतो." मग ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीसाठी सूचना पाठव. मी पाठिंबा देईन."

पुढची आवृत्ती तीन वर्षांनी होती. स्नेहलनं फोन ठेवला आणि जिन्यात उभी राहून रडली.

वाट काढली ती मुजावर मॅडमनी. सकाळच्या फेरीला आल्या तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"एक औषध आहे. ठोके आवरून धरतं. ते दिलं की गाडीला वाटेल, माणूस एकदम ठीक. मी कागदावर स्थिर म्हणून लिहिते, बरा झालेल्यांच्या बाणावर जाल. दुपारपर्यंत असर राहील. पण लक्षात ठेवा, औषध एका मर्यादेपर्यंतच आवरतं. त्यांना रडू द्यायचं नाही. हसू द्यायचं नाही. मन हलेल असं काहीही नाही. ऊर भरून आला की ठोके उसळतील, आणि हृदयाला ते झेपणार नाही. गाडीलाही लगेच कळेल."

"म्हणजे नेमकं काय बोलू त्यांच्याशी?"

"कंटाळा येईल असं बोला," मुजावर म्हणाल्या. "तुमच्या नोकरीबद्दल बोला."

स्नेहलनं घरी आईला फोन केला. मालनबाईंनी पहिल्या रिंगलाच उचलला. "आई, दुपारच्या आत येतोय. सोप्यात अंथरूण घाल. आणि कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगतोय मी?" मालनबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून पहिल्यांदा दूध संस्थेत गेल्या. आता दूध संस्थेला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हेच, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. केरबांनी उभा जन्म त्या संस्थेची सेक्रेटरीकी केली होती.

गाडी निघाली. तिला ड्रायव्हर नव्हता, एक बाकडं आणि एक खाट होती. टपावर पिवळा दिवा लागला. केरबांच्या छातीवर टिकल्यांसारखी दोन यंत्रं चिकटवली होती, आणि समोरच्या पट्टीवर एक रेघ शांतपणे वरखाली होत होती.

"पोरी," केरबा म्हणाले, "तुला एक सांगायचं हुतं. तू पुण्याला शिकायला निघालीस त्या साली…"

"आबा, ते घरी गेल्यावर. आता नको."

"का?"

"मॅडमनी सांगितलंय. मनाला लागेल असं काही बोलायचं नाही, ऐकायचं नाही."

"मग काय करायचं?"

"मी बोलते. तुम्ही ऐका. कंटाळवाणं आहे."

आणि तिनं त्यांना आराखडा सांगायला सुरुवात केली. चौकोन सांगितले, बाण सांगितले. उजळाईवाडीचा चौक मागे पडला, हमरस्ता सुटला, दोन्ही बाजूंना ऊस लागला. हद्द बदलली की एक विभाग दुसऱ्या विभागाच्या हाती गाडी कशी सोपवतो ते तिनं सांगितलं. नेहमी नव्या अभियंत्यांना झोप यायची ती याच जागी. केरबांचे डोळे मात्र उघडेच.

"म्हंजे घरचा हुंबरा सुद्दा त्या चित्रात हाय?"

"हो. घर म्हणून चौकोन आहे."

"आनी टपावरचा दिवा कशाला?"

"लोकांना कळावं म्हणून. लाल म्हणजे गंभीर रुग्ण, तो फक्त दवाखान्याकडं जाणार. पिवळा म्हणजे बरा झालेला, तो घरी जातो. आणि पांढरा म्हणजे…" ती थांबली.

"पांढरा म्हंजे मयत," केरबा म्हणाले. "त्याला कुठं जाऊ देत्यात?"

"कुठंही, आबा. त्याला सगळीकडं वाट असते."

केरबांनी थोडा वेळ उसाकडं बघितलं. "आपल्या डेअरीगत झालं की गं हे. भरल्याली कॅन शेराकडं, रिकामी कॅन गावाकडं. भरल्याली कॅन कुनी माघारी घेत न्हाई." आणि ते हसायला लागले. पट्टीवरची रेघ थरथरली.

"आबा, हसू नका!"

"बरं बरं." त्यांनी ओठ मिटले, पण डोळ्यात हसू तसंच राहिलं. रेघ पुन्हा खाली बसली. आयुष्यभर बापाला हसवायला धडपडलेली ती मुलगी, आता तो हसला म्हणून त्याच्यावर ओरडत होती.

मुदाळ तिट्ट्यावरून गाडी वळली. एक टेम्पो आपणहून बाजूला झाला.

"माझ्याच्यानं दम निघंना बघ," केरबा म्हणाले. "हाताला हात तरी लावू का?"

तिनं हात पुढे केला. त्यांनी तो धरला. हातात हात घेतल्यावर तिचं तिलाच भरून आलं, म्हणून तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. चादर नीटच होती.

"गेल्यावर सांगतो मग," केरबा म्हणाले. "सोप्यात बसून सांगतो. तुझी आईबी असंल."

"हो आबा. घरी गेल्यावर सगळं बोलू. रात्रभर बोलू."

गारगोटी मागे पडली. डोंगर जवळ आले. औषधाचा असर अजून होता, रेघ सरळ चालली होती, आणि स्नेहलला पहिल्यांदा वाटलं की जमतंय. तिनं पुढची सगळी जुळणी मनात लावूनसुद्धा टाकली. गाडी दारात थांबेल, दार उघडेल, शेजारचे दोघे खाट उचलतील. मग आबांचे ठोके हवे तेवढे उसळोत.

"नदी आली का?" केरबांनी डोळे मिटूनच विचारलं. "वास येतोय का बघू दे की."

तिनं खिडकीची काच बोटभर खाली केली. वेदगंगेचा ओला वास आत आला. पलीकडे चिंचेखाली सावरधोंडची पाटी दिसली.

आणि भोंगा वाजला.

दूध संस्थेचा भोंगा. बाकी सगळीकडे ते भोंगे कधीच बंद झाले होते. सावरधोंडनं तो हट्टानं ठेवला होता, कारण तो केरबांचा होता. पहाटे आणि संध्याकाळी ते स्वतः बटण दाबायचे, आणि बायका हातातलं काम टाकून दुधाच्या चरव्या घेऊन निघायच्या. तो भोंगा आज गावकऱ्यांनी संस्थेतून उचलून, बॅटरी जोडून पुलाच्या कठड्यावर आणून ठेवला होता. सगळं गाव पुलाच्या तोंडाशी उभं होतं. बायकांच्या हातात आरत्या होत्या. सगळ्यांच्या पुढे मालनबाई, पदर डोक्यावर घेऊन.

ज्यांना हे कळत नाही त्यांनी सावरधोंडला नावं ठेवावीत. पण सेक्रेटरी घरी येतायत, आणि गाव मुकाट दारं लावून घरात बसलंय, असं त्या गावात होऊच शकत नव्हतं.

"भोंगा!" केरबांनी डोळे उघडले. "माझा भोंगा वाजतोय गं!" आणि ते दोन्ही कोपरांवर उठले. इतक्या दिवसांत त्यांना मान उचलता आली नव्हती. त्यांचा चेहरा असा फुलला की स्नेहल सगळं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

पट्टीवरची रेघ डोंगरासारखी उभी राहिली. आत एक घंटी किणकिणली. काच आपोआप वर सरकली आणि भोंगा ऐकू यायचा थांबला.

"रुग्णाची प्रकृती गंभीर आहे," गाडी मृदू आवाजात म्हणाली. "आपण जवळच्या सक्षम रुग्णालयाकडे जात आहोत. काळजी करू नका."

टपावरचा दिवा लाल झाला. गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली आणि वळायला मागे सरली. तोवर गाव धावत आलं होतं. माणसांनी गाडीला चारी बाजूंनी वेढा घातला. कुणी काचेला नाक लावून आत बघितलं, कुणी आतल्या केरबांना हात जोडले. स्नेहलनं दाराची मूठ ओढली, काचेवर थपडा मारल्या. दार कसलं उघडतंय!

बाहेरच्या कर्ण्यातून गाडी बोलली, "कृपया रुग्णाला वाट द्या. कृपया रुग्णाला वाट द्या."

स्नेहलला तेवढ्यात एक गोष्ट लख्ख कळली. माणसांच्या अंगावर गाडी जाणार नाही. हे लोक असेच उभे राहिले तर गाडी इथंच थांबेल, गावाच्या वेशीवर, आई काचेच्या पलीकडे. घर नाही तर नाही, पण गाव तर मिळेल.

"सरकू नका!" ती ओरडली. दोन्ही हात हलवून ओरडली. "कुणी सरकू नका! उभे राहा!"

बाहेर काही ऐकू जात नव्हतं. लोकांना दिसले ते तिचे हात. आणि रुग्णवाहिकेला वाट द्यायची हे सावरधोंडच्या लहान पोरांनाही शाळेत शिकवलेलं होतं. "आरं, वाट द्या, वाट द्या!" करत पुढच्यांनी मागच्यांना रेटलं. गाव शिस्तीत दोन बाजूंना झालं. बायकांनी आरत्या उंच धरल्या. मालनबाईही सरकल्या, आणि सरकताना त्यांनी गाडीला नमस्कार केला.

गाडी वळली आणि गारगोटीकडे सुटली. पुढचा सगळा रस्ता मोकळा झाला.

केरबा पाठीवर पडले होते. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. स्नेहल खाटेशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्यांचा हात आता घट्ट धरला.

"आबा, बोला. आता बोला. काय सांगायचं होतं? मी पुण्याला निघाले त्या साली काय झालं होतं? आबा, मी ऐकतेय. हसा, रडा, काय हवं ते करा, पण सांगा."

केरबांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं, एवढं नक्की. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून छताकडे गेली आणि तिथेच राहिली.

पट्टीवरची रेघ आडवी झाली. गाडीनं आपल्या परीनं सगळं केलं. छातीला धक्के दिले, तोंडावर प्राणवायू सोडला, रुग्णालयातल्या डॉक्टरांना पडद्यावर बोलावलं. पडद्यावर मुजावर मॅडम आल्या. त्यांनी स्नेहलकडे बघितलं, डोळे मिटले आणि मान हलवून वेळ नोंदवायला सांगितली.

गाडीचा वेग कमी झाला. एका उसाच्या फडाशेजारी ती क्षणभर थांबली. पट्टी विझली, घंटी बंद झाली.

"आमच्या संवेदना आपल्यासोबत आहेत," गाडी म्हणाली. "घराकडचा मार्ग उपलब्ध आहे. आपण घरी जात आहोत."

आणि ती माघारी वळली. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला झाल्या. शेतातल्या माणसांनी हात जोडले. कुठं थांबणं नाही, कुठं वळणं नाही, सगळं हिरवं. स्नेहलनं आबांचा हात सोडला नाही. ती काही रडतही नव्हती. तिला फक्त राग आला होता, आणि कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी गाव अजून तसंच उभं होतं. गाडी का फिरली यावर तावातावानं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आली! माघारी आली! सेक्रेटरी आलं!"

ऐन दुपारचं ऊन. टपावरचा दिवा पिवळा की पांढरा, हे लांबून कळण्यासारखं नव्हतं. लाल नाही एवढं दिसलं आणि लोकांनी एकच गलका केला. कुणीतरी भोंग्याचं बटण दाबलं. आता काच बंद राहायचं कारण नव्हतं, ती आपोआप खाली झाली होती. भोंगा पुन्हा आत आला. तो आधीसारखाच वाजत होता, पूर्ण आवाजात, आणि केरबा ऐकत नव्हते.

गाडी जवळ आली तसे लोक गप्प होत गेले. पुढचे आधी, मग मागचे. भोंगा तेवढा वाजत राहिला. त्या माणसानं बटणावरून हात काढला, तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "वाजू दे."

दार उघडलं. मालनबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग स्नेहलला विचारलं, "भोंगा ऐकला न्हवं त्यांनी?"

"ऐकला, आई."

"वळाकला?"

"माझा भोंगा म्हणाले. उठून बसले."

मालनबाईंचा चेहरा निवळला. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "भोंगा ऐकूनच माघारी आलं. न्हाईतर कोलापुरातच ऱ्हायलं असतं."

भोंग्यानंच गाडी फिरवली, हे स्नेहलला ठाऊक होतं. पण समोर आईचा तो चेहरा होता. आज नको, नंतर कधीतरी सांगू, असं तिनं ठरवलं.

सूचना तिनं पाठवली. बर्वे साहेबांनी शब्द पाळला, बैठकीत पाठिंबाही दिला. तज्ज्ञांनी सूचनेवर सहानुभूतीनं चर्चा केली आणि गैरवापराचा धोका लक्षात घेता ती नामंजूर केली. नव्या आवृत्तीत गाडीचा आवाज तेवढा जास्त मृदू झाला.

सावरधोंडात मात्र एक रीत पडली. कुणाला दवाखान्यातून घरी आणायचं असलं की भोंगा पुलावर न्यायचा. भोंग्यानं सेक्रेटरींना मरणाच्या दारातून गावात ओढून आणलं, हे आता लहान पोरंही सांगतात. बटण दाबायचा मान मालनबाईंचा. एरवी त्या कुठं जात नाहीत, फार बोलत नाहीत. पण भोंगा न्यायचा म्हटलं की धुतलेलं लुगडं नेसून तयार होतात. बहुतेक जण खरोखर बरे होऊन येणारे असतात, त्यांना भोंगा बाधत नाही.

परवा स्नेहल गावी आली होती. गुरवाच्या म्हातारीला आणायचं चाललं होतं. म्हातारी बरी झालेली नव्हती. मरायलाच आणत होते, ते ठोके आवरायचं औषध देऊन. औषधाचं गुरवाच्या मुलाला स्नेहलनंच सांगितलं होतं, मुजावर मॅडमचा फोनही तिनंच दिला होता. रडू देऊ नको, हसू देऊ नको, हेही सांगितलं होतं. भोंग्याचं तेवढं सांगता आलं नव्हतं. ते गावाला सांगायच्या आधी एकाच माणसाला सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी ती सकाळपासून आईच्या मागे मागे फिरत होती.

"आई," पुलावर ती म्हणाली. "आज भोंगा नको."

"का गं?"

मालनबाई कठड्याशी उभ्या होत्या. एक हात भोंग्यावर, आपल्या माणसाच्या अंगावरनं फिरवावा तसा. बऱ्याच दिवसांनी त्या आज हसल्या होत्या.

"काही नाही," स्नेहल म्हणाली.

गारगोटीकडच्या वळणावर गाडी दिसली. गाव पुढे सरकलं, बायकांनी आरत्या सावरल्या, आणि मालनबाईंनी बटणावर बोट ठेवलं. स्नेहलनं कपाळावर आडवा हात धरून टपाकडे बघितलं. दिवा अजून पिवळा होता.